माहीत सगळ्यांना असतं

नाटकाच्या ग्रुपमध्ये नवी मुलगी आली की पहिल्या आठवड्यातच तिला एक सूचना मिळते. ती तालमीच्या खोलीत सगळ्यांसमोर दिली जात नाही. मेकअप रूममध्ये, आरशासमोर केस बांधता बांधता, एखादी जुनी मुलगी हळूच सांगते, ‘सर सोडतो म्हणाले तर नको म्हण. बाबा घ्यायला येणारेत म्हणून सांग. आणि एकटीला वाचनासाठी घरी बोलावलं तर मला फोन कर, मी पण येते.’

गाणं शिकायला जाणाऱ्या मुलीला हीच सूचना जराशा वेगळ्या शब्दांत मिळते. नाचाच्या क्लासात मिळते, चित्रकाराच्या स्टुडिओत मिळते, कवींच्या कट्ट्यावर मिळते. गावं वेगळी, माणसं वेगळी, सूचना तीच. देणारीचं चुकत नाही. ती मायेने सांगते, आणि तिच्या हातात तेवढंच असतं.

पण ही सूचना जिथे रुळली, तिथे सगळ्यांना सगळं माहीत आहे हे सिद्ध झालं. म्हणून एखादं प्रकरण बाहेर आल्यावर ‘आम्हाला फार धक्का बसला’ असं म्हणणाऱ्या ज्येष्ठांचं मला ऐकवत नाही. कसला धक्का? प्रकाशयोजना करणारा रात्री एक वाजेपर्यंत हॉलवर असतो, त्याने पाहिलेलं असतं. दौऱ्यावर खोल्या वाटणाऱ्या व्यवस्थापकाला माहीत असतं, कारण मुली त्याच्याकडे येऊन खोली बदलून मागतात. सहदिग्दर्शकाला माहीत असतं. हॉलच्या वॉचमनलासुद्धा माहीत असतं. आणि प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या समीक्षकालाही माहीत असतं, कारण असल्या गोष्टी नाट्यगृहाच्या आवारात वडापावबरोबर वाटल्या जातात.

प्रश्न मात्र दर वेळी त्या मुलीलाच. तेव्हाच का नाही बोललीस? इतकी वर्षं कुठे होतीस? रोल मिळाला नाही म्हणून आता बोलतेस का? मला हा प्रश्न दुसऱ्या माणसांना विचारायचा आहे. ती एकोणीस वर्षांची होती, तुम्ही पंचेचाळीसचे होतात. तिचं ते पहिलं नाटक होतं. तुमच्या नावावर पारितोषिकं होती, ओळखी होत्या, घर होतं. तिला सगळंच गमवावं लागणार होतं. तुमचं काय जाणार होतं? एक भूमिका, एक दौरा, परीक्षकपदाचं एखादं आमंत्रण. तुम्ही का नाही बोललात?

बाहेरच्या माणसाला वाटतं, मुलींनी सरळ ग्रुप सोडावा. मोठ्या शहरातसुद्धा ते सोपं नाही, जिल्ह्याच्या गावात तर मुळीच नाही. तिथे चांगलं नाटक करणारे ग्रुप दोन किंवा तीन. पगार नाही, नेमणुकीचं पत्र नाही, कशाचा कागदच नाही. दिग्दर्शन करणारा माणूसच शिबिर घेतो, भूमिका वाटतो, स्पर्धेच्या परीक्षकांशी त्याचीच ऊठबस असते, आणि मालिकेच्या ऑडिशनसाठी मुंबईला कोणाचं नाव कळवायचं हेही तोच ठरवतो. शिकवणं आणि पुढे नेणं एकाच हातात असलं की त्या हाताला नाही म्हणणं म्हणजे नाटक सोडणं. ती सोडते, आणि लोक म्हणतात, ‘चांगली करत होती, लग्न ठरलं वाटतं.’

शिवाय ‘अभिनय करायचा तर लाज सोडावी लागते’ हे वाक्य असतंच. त्यात खरं काहीतरी आहे, म्हणून ते इतकं उपयोगी पडतं. अंग मोकळं करावं लागतं, आवाज मोकळा करावा लागतो, दुसऱ्या नटाच्या जवळ उभं राहावं लागतं. जो शिकवतो त्याला हे कामापुरतं कसं ठेवायचं ते कळतं. ज्याला गैरफायदा घ्यायचा असतो, तोही हेच वाक्य वापरतो.

मी पाहिलेली एक तालीम सांगते. संस्थेचं नाव सांगत नाही. देहबोलीचा वर्ग चालला होता, वीसेक जण ओळीत उभे होते, दिग्दर्शक एकेकाची उभं राहण्याची ढब दुरुस्त करत पुढे सरकत होता. मुलांना तो तोंडाने सांगत होता. खांदे खाली, हनुवटी जरा वर, श्वास पोटातून. मुलींपाशी आला की तोंड बंद आणि हात सुरू. खांद्यावर, पाठीवर, कमरेवर. तिसऱ्या मुलीच्या वेळी ओळीतला एक नट बोलला. वय चाळिशीच्या आसपास, बँकेत नोकरी, संध्याकाळी नाटक. आवाज न चढवता म्हणाला, ‘सर, तिलाही तोंडानेच सांगा. तिला मराठी कळतं.’

हात खाली आला. उरलेल्या मुलींना त्या दिवशी तोंडानेच सांगितलं गेलं, आणि त्यांचे खांदे मुलांइतकेच नीट खाली आले.

पुढच्या नाटकात त्या नटाला भूमिका नव्हती. त्याने दुसरा ग्रुप धरला, आजही काम करतो. एका माणसाच्या एका वाक्याने तालमीची खोली बदलली आणि त्याची किंमत त्याला एका भूमिकेत मोजावी लागली. खोलीत आणखी दोघे जरी त्याच्या पाठोपाठ बोलले असते तरी ती किंमतसुद्धा पडली नसती. तिघांना वगळून नाटक बसवणं हौशी रंगभूमीवर कोणालाच परवडत नाही.

आता चेन्नईत काय झालं ते बघा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली उभारलेलं कलाक्षेत्र. भरतनाट्यम शिकणाऱ्यांच्या दृष्टीने त्याच्यावरचं नाव नाही. संसदेने खास कायदा करून ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवली. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या माजी संचालिका लीला सॅमसन यांनी समाजमाध्यमावर तिथल्या लैंगिक छळाच्या विषयाला तोंड फोडलं. संस्थेने आधी सगळ्या अफवा आहेत अशी भूमिका घेतली. मार्च २०२३ च्या शेवटी विद्यार्थी-विद्यार्थिनी आवारात धरणं धरून बसले. संस्थेने कॉलेज बंद करून वसतिगृह सोडायला सांगितलं, ते हलले नाहीत. राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षा येऊन त्यांच्याशी बोलल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका सहायक प्राध्यापकाला अटक झाली. पुढच्या वर्षी जुन्या विद्यार्थिनींच्या तक्रारीवरून एका माजी शिक्षकालाही अटक झाली. अटक म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, न्यायालयाचं काम न्यायालय करील. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की गुरुकुलाच्या शिस्तीत वाढलेली, मान खाली घालून ‘सर’ म्हणणारी मुलं एकत्र बसली आणि मगच दार उघडलं. एकेकीने सांगून पाहिलं तेव्हा उघडलं नव्हतं.

त्याच चेन्नईत २०१८ साली दोन गोष्टी घडल्या, त्या शेजारी शेजारी ठेवायला हव्यात. कर्नाटक संगीतातल्या अनेक मुलींनी त्या वर्षी आपल्यावर आलेले प्रसंग सांगितले. मद्रास म्युझिक अकॅडमीने त्या डिसेंबरच्या हंगामातून सात कलाकारांना वगळलं. कुठल्या न्यायालयाने तसा आदेश दिला नव्हता. मंच आपला, कोणाला द्यायचा हे आपण ठरवतो, एवढीच ती भूमिका होती. आयोजकाच्या हातात ही ताकद कायम असते. आणि दुसरी गोष्ट: ज्या गायिकेने त्या काळात सर्वांत मोठ्याने आवाज उठवला, त्या चिन्मयी श्रीपादा यांना डबिंग कलाकारांच्या संघटनेने वर्गणी भरली नाही असं कारण देऊन सदस्यत्वातून काढलं, आणि त्यांचं डबिंगचं काम थांबलं. मंच नाकारण्याची ताकद अशी दोन्ही बाजूंनी चालते. आपल्याकडे दिवाळी पहाट आणि संगीत महोत्सव भरवणाऱ्यांनी ती कोणत्या बाजूने वापरायची ते एकदा ठरवावं. ‘आम्ही फक्त कला बघतो’ हे उत्तर चालणार नाही. तुम्ही मानधन बघता, तारखा बघता, प्रायोजकाची मर्जी बघता. मग हेही बघा.

केरळचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे, कारण तिथे बायका एकत्र आल्या आणि टिकल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोचीत एका अभिनेत्रीवर गाडीत अत्याचार झाला. त्यानंतर मल्याळम चित्रपटातल्या काही अभिनेत्री आणि तंत्रज्ञ बायकांनी आपली संघटना बांधली, सरकारला समिती नेमायला लावली. न्यायमूर्ती हेमा समितीने ३१ डिसेंबर २०१९ ला अहवाल दिला. तो लोकांसमोर आला १९ ऑगस्ट २०२४ ला. साडेचार वर्षांहून जास्त काळ तो सरकारी कपाटात पडून होता. त्यात रात्री खोलीचं दार वाजवणाऱ्यांबद्दल आहे आणि सेटवर साधं स्वच्छतागृह नसल्यामुळे पाणी पिणं टाळणाऱ्या बायकांबद्दलही आहे. मला ही दुसरी ओळ पहिलीइतकीच भयंकर वाटते. जिथे बाईने दिवसभर लघवी रोखून धरणं कोणाला खटकत नाही, तिथे तिच्या दारावरची थाप कोणाला खटकणार? आपल्या तालुक्याच्या गावांतल्या किती नाट्यगृहांत बायकांच्या मेकअप रूमला आतून कडी लागते, एवढं तरी नाट्य परिषदेच्या शाखांनी एका रविवारी फिरून बघावं.

अहवाल बाहेर आल्यावर आठ दिवसांत तिथल्या कलाकारांच्या बलाढ्य संघटनेच्या कार्यकारिणीने राजीनामा दिला. ज्या बायकांनी हे लावून धरलं त्यांच्यापैकी काहींना मधली वर्षं काम मिळालं नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. तरी त्यांनी एक गोष्ट मिळवली: चित्रपटाच्या निर्मितीसंस्थांनाही तक्रार समिती नेमावीच लागेल, असं केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

आपल्याकडे हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं. ‘अहो, आम्ही हौशी. इथे कोण कोणाचा कर्मचारी? आम्ही पदरचे पैसे घालून नाटक करतो.’ हे उत्तर देणाऱ्यांनी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा एकदा उघडून बघावा. त्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येत पगारी आहेत, रोजंदारीवरच्या आहेत, शिकाऊ आहेत, आणि मोबदला न घेता स्वेच्छेने काम करणाऱ्याही आहेत. कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत सोसायटी आहे, ट्रस्ट आहे, आणि मनोरंजनाचा व्यवसाय स्पष्ट शब्दांत आहे. कामासाठी जिथे जावं लागतं ती जागा त्यात येते, संस्थेने ठरवलेली गाडीही येते. म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या नाट्यसंस्थेची बस, तालमीला भाड्याने घेतलेली शाळेची खोली आणि परगावचा लॉज, हे सगळं आलं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर संस्थेची स्वतःची समिती हवी; अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बायका, एक सदस्य बाहेरचा. नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ही दुसरी वाट कलेच्या क्षेत्रात फार मोलाची आहे, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा संस्था म्हणजे तो एकच माणूस असतो.

‘घरातलं घरात मिटवू’ हेही कायद्याने जवळजवळ बंद केलं आहे. समेट होऊ शकतो, पण चौकशी सुरू होण्याआधी, आणि तक्रार करणारीने स्वतः मागितला तरच. पैसे देऊन तर अजिबात नाही. तेव्हा चार ज्येष्ठांनी मुलीला आणि ‘सरां’ना एकाच टेबलाभोवती बसवून चहा पाजायचा, आणि त्यांनी ‘माझी मुलगीच आहे ती’ म्हणत तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, हा जो प्रकार चालतो तो बैठकीला बसलेल्या प्रत्येकाने बंद करावा. तिला त्या खोलीत बोलावणं हाच दुसरा त्रास असतो.

कायद्यात उणीव आहे. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत, समितीला पटलं तर आणखी तीन. पहिल्या नाटकातल्या मुलीला आपल्याशी घडलं ते चुकीचं होतं हे उमगायलाच कधी कधी वर्ष जातं. ही मुदत वाढायलाच हवी. पोलिसांकडची वाट वेगळी आहे, तिथे मुदतीचं गणितही वेगळं, आणि महिला संघटनांकडे ती वाट माहीत असलेले वकील असतात. कायद्यातली मुदत वाढेपर्यंत संस्थांनी आपल्या नियमांत मोठी मुदत लिहावी. कोणी अडवलेलं नाही. मुलग्यांसाठीही तिथेच जागा करावी, कारण हा कायदा फक्त बायकांना संरक्षण देतो, आणि तालमीच्या खोल्यांत मुलग्यांनाही त्रास होतो. त्यांना तर सांगायला मेकअप रूममधली जुनी मैत्रीणसुद्धा नसते.

कॉलेजच्या एकांकिकांची गोष्ट यातच येते, आणि ती इथे नीट सांगायला हवी. जुलै-ऑगस्ट उजाडला की आपल्याकडे कॉलेजांच्या तालमी सुरू होतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया करंडक, मुंबईत आणखी कितीतरी स्पर्धा. हा मराठी रंगभूमीचा कारखाना आहे, आज नावाजलेली अनेक माणसं त्यातून आली. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, कॉलेजचे प्राध्यापक तिकडे फिरकत नाहीत, आणि बसवायला बाहेरून दिग्दर्शक आणलेला असतो. काही झालं तर कॉलेज म्हणतं, तो आमचा माणूसच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम असं म्हणू देत नाहीत. बाहेरून आलेल्या माणसाने केलेला त्रास त्यांत धरला आहे, आणि आवाराबाहेरचे सांस्कृतिक महोत्सव आणि प्रवासही धरला आहे. विद्यार्थ्यांचा प्रश्न असेल तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. तेव्हा स्पर्धेच्या संघात असलेल्या मुलींनो, तुमच्या कॉलेजची समिती तुमच्या तालमीलाही लागू आहे. तिची नावं कॉलेजच्या फलकावर शोधा. नसतील तर प्राचार्यांना लेखी विचारा, एकटीने नव्हे, सगळ्या संघाने सह्या करून.

बालनाट्याच्या शिबिरात किंवा नाचगाण्याच्या क्लासात मूल अठराच्या आतलं असेल तर मग गप्प राहण्याची सोयच उरत नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्या डॉक्टरवरचा खटला रद्द केला, पण सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला आणि न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. कायद्याने इथे बोट बरोबर जागी ठेवलं आहे. मुलाने का नाही सांगितलं हे तो विचारत नाही. ज्याला माहीत होतं तो गप्प का राहिला, हे विचारतो. हीच नजर मोठ्या मुलींच्या बाबतीत आपण स्वतःहून का ठेवू नये?

बोलायला गेलं की अब्रुनुकसानीची नोटीस येते. येतेच. पत्रकार प्रिया रमानी यांच्यावर माजी केंद्रीय मंत्र्याने असाच खटला भरला होता. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं आणि सांगितलं की बाईला आपली तक्रार अनेक दशकांनंतरही, आपल्याला हव्या त्या व्यासपीठावर मांडता येते, आणि कोणाची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या सन्मानाच्या मोलावर जपता येत नाही. खटला दोन वर्षांहून जास्त चालला, वकील लागले, हेही खरं. म्हणूनच नोटीस एकटीच्या नावाने आली तर उत्तरावर पन्नास कलावंतांच्या सह्या असाव्यात. नोटीस पाठवणारा एकटी गाठण्यावरच भिस्त ठेवून असतो.

आणि आरोप झालेल्याचं काय? त्यालाही पूर्ण ऐकून घेतलं पाहिजे, हे मी मनापासून म्हणते. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात चौकशी समितीने इतकी घाई केली की बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितली. तक्रारी २००९ सालच्या होत्या. चौदा वर्षांनी पुन्हा चौकशी. त्यात तक्रार करणाऱ्या मुलींचाही तितकाच घात झाला. निवाडा समाजमाध्यमावर होऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी नीट समिती नेमावी, प्रशिक्षण द्यावं, कागद जपावेत. समिती नेमायची नाही आणि मुलींनी जाहीर लिहिलं की ‘ही पद्धत नव्हे’ म्हणायचं, हे एका तोंडाने चालणार नाही.

सोसण्याचं कौतुक करायची आपल्याला जुनी सवय आहे. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर फडाच्या मागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण पिढ्यान् पिढ्या डोळ्यांत पाणी आणून सांगतो. त्या रात्री त्यांना नाचायला का लागलं, हे विचारत नाही. हंसा वाडकरांनी आपल्या आयुष्यात काय काय झालं ते ‘माणूस’ नियतकालिकातून मोकळेपणाने सांगितलं, १९७० साली त्याचं ‘सांगत्ये ऐका’ हे पुस्तक झालं, १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ काढला. अर्ध्या शतकापूर्वी एका मराठी नटीने स्वतःच्या नावाने हे सगळं सांगून ठेवलं आहे. आपण तिच्या धाडसाला दाद दिली आणि तिच्यानंतर आलेल्या मुलींना मेकअप रूममधली तीच सूचना दिली.

‘कला वेगळी, कलावंत वेगळा’ यावर मी आज वेळ घालवणार नाही. ती चर्चा मेलेल्या माणसांबद्दल करा. जिवंत माणूस उद्या संध्याकाळी सात वाजता तालीम घेणार आहे आणि तिथे कोणाची तरी मुलगी जाणार आहे.

सुरुवात सरकारी स्पर्धेपासून करता येईल. नाटकाचा प्रयोग करायचा तर आपल्याकडे संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, लेखकाची लेखी परवानगी लागते. शब्द कोणाला लागू नये म्हणून इतकी काळजी घेणाऱ्या राज्याने राज्य नाट्य स्पर्धेच्या अर्जासोबत आणखी एक कागद मागावा: संस्थेच्या तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर, बाहेरच्या सदस्यासकट. संस्था लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता तालमीच्या खोलीत लावल्याचा फोटो. कागद नसेल तर प्रवेशिका परत. याला नवा कायदा लागत नाही, जास्तीचं अनुदान लागत नाही, सांस्कृतिक कार्य संचालनालयाचं एक परिपत्रक पुरतं. खासगी करंडकांच्या आयोजकांना तर परिपत्रकाचीही वाट बघायला नको, त्यांनी येत्या हंगामाच्या माहितीपत्रकात ही अट छापावी. कोणी छापली आणि कोणी नाही, ते पहिल्या माहितीपत्रकापासून मी याच जागेवर नावानिशी लिहीन.